होडी जवळ नेण्याआधी शटर बघा : उजनीवर पक्ष्यांचे फोटो काढताना कॅमेरा कसा लावायचा

भिगवण : पौषात लग्नाच्या तिथी कमी असतात, त्यामुळं तालुक्यातल्या फोटो स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे आठवडा-आठवडा कपाटात पडून राहतात. नेमके याच दिवसांत उजनीच्या फुगवट्यावर फ्लेमिंगो, चित्रबलाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस आणि नाना जातींची बदकं उतरलेली असतात. पुण्या-मुंबईचे लोक शंभर-दोनशे किलोमीटरवरून मोठाली लेन्स घेऊन कुंभारगाव, डिकसळला येतात. आता गावातली पोरंही मागं नाहीत. कुणी भावाचा लग्नाचा कॅमेरा आणतो, कुणी जुन्या बाजारातून ७०-३०० ची लेन्स उचलतो, आणि सकाळी सहाला होडीत बसतो.

घरी येऊन फोटो संगणकावर टाकले की मात्र तोंड उतरतं. पक्षी हललेला, नाहीतर पांढराफटक, नाहीतर आकाशात काळा ठिपका. मग दोष लेन्सला दिला जातो. पुढच्या वेळी होडीत बसल्यावर नावाड्यामागं एकच धोशा सुरू होतो, "दादा, अजून थोडी जवळ घ्या." दादाचं पोट त्याच धंद्यावर असतं, तो नाही म्हणू शकत नाही. होडी जवळ जाते आणि थवा उठतो. घाईत काढलेले उडतानाचे फोटोही हललेलेच येतात, कारण कॅमेरा अजून लग्नाच्याच सेटिंगवर असतो. मागून येणाऱ्या तीन होड्यांना तिथं नुसतं पाणी दिसतं.

फ्लेमिंगोला आपल्याकडं रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. हे दुसरं नाव का पडलं ते पक्षी उडाल्याशिवाय कळत नाही. उभा असताना तो पांढरा, जरा गुलाबी झाक असलेला दिसतो. पंख उघडले की आतला लाल आणि काळा रंग भसकन बाहेर येतो. प्रत्येकाला तोच फोटो हवा असतो आणि तिथंच गडबड होते. खरं तर थवा उठवावा लागत नाही. सकाळ-संध्याकाळ तो आपणहून एका उथळ जागेवरून दुसरीकडं जातो, मध्येच एखादा उभ्या-उभ्या पंख ताणून आळस देतो. तेवढ्या दोन सेकंदांसाठी कॅमेरा आधीपासून तयार पाहिजे. चाळीस-पन्नास मीटरवरून नीट आलेला फोटो कापून मोठा करता येतो. दहा मीटरवरून हललेल्या फोटोचं मात्र काहीच होत नाही.

लग्नाचं सेटिंग पाण्यावर का चालत नाही

मांडवात फोटोग्राफर साधारण १/६० ते १/१२५ शटर ठेवतो. नवरा-नवरी स्टेजवर उभे असतात आणि फ्लॅशचा झोत क्षणभराचा असल्यानं थोडं हलणं खपून जातं. फोकस एकदा धरला की तिथंच अडकून राहील असं ठेवलेलं असतं. पाण्यावर यातलं काहीच उपयोगी नाही. त्यातून फ्लॅश चुकून उघडा राहिला तर बहुतेक कॅमेरे शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर जाऊच देत नाहीत. माणूस चाक फिरवत बसतो आणि आकडा हलत नाही. तेव्हा होडीत बसण्याआधी पहिलं काम म्हणजे फ्लॅश दाबून बंद करायचा. तो पन्नास मीटरवर पोचतही नाही आणि जवळच्या पक्ष्याला उगाच बुजवतो.

दुसरं काम म्हणजे कॅमेरा 'ऑटो'वरून काढायचा. ऑटोला समोर पक्षी आहे की केळीचं झाड आहे याच्याशी घेणं नसतं. उजेड कमी दिसला की तो बिनदिक्कत शटर संथ करतो.

आधी शटर, बाकी सगळं नंतर

हिशेब सोपा आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगानं जाणारा पक्षी एका सेकंदात १० मीटर जातो. शटर १/२०० असेल तर तेवढ्या वेळात तो ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे डोळा, चोच सगळं पुसलं जातं. शटर १/२००० केलं तर सरकणं ५ मिलिमीटरवर येतं. पंखाचं टोक अंगापेक्षा जास्त वेगानं फिरतं, ते वेगळंच. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवला तर हे सरकणं आणखी कमी होतं, पण नवशिक्याचा हात तितका सफाईनं फिरत नाही. म्हणून उडणाऱ्या मोठ्या पक्ष्याला, फ्लेमिंगो, चित्रबलाक, बगळा यांना, १/१६०० ते १/२००० धरून चालावं. सुरय किंवा खंड्यासारख्या चपळ पक्ष्याला १/२५०० ते १/३२००.

बसलेल्या पक्ष्याला एवढं लागत नाही, पण तिथंही एक मेख आहे. लेन्स जितकी लांब तितका हाताचा कंप मोठा दिसतो. जुना ठोकताळा असा की लेन्सचा आकडा जेवढा, निदान तेवढ्याव्या भागाचं शटर हवं. आपल्याकडच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो, कॅननचा १.६ पट आणि निकॉन-सोनीचा १.५ पट हिशेबाचा. म्हणजे ३०० एमएमच्या लेन्सला ४५०-४८० धरायचे आणि शटर १/५०० च्या खाली आणायचं नाही. हे झालं जमिनीवर. होडीत पाणी हलवतं, शेजारचा उठून उभा राहतो, म्हणून होडीत १/८०० बरं. मोटार चालू असेल तर तिची थरथर थेट कॅमेऱ्यात येते. नावाड्याला मोटार बंद करून बांबूनं रेटायला सांगा. तो आनंदानं करेल, त्याचं डिझेल वाचतं आणि पक्षीही बिचकत नाहीत.

लेन्सवर स्थिरतेचं बटण असतं. कॅननवर आयएस, निकॉनवर व्हीआर, सोनीवर ओएसएस अशी त्याची नावं. ते हाताचा कंप कमी करतं, पक्ष्याचं हलणं थांबवत नाही. हे ध्यानात न घेतल्यानं बरेच जण त्याच्या भरवशावर १/१०० ला फोटो काढतात. मागचा ऊस चकचकीत येतो, पक्षी मात्र धूसर.

शटर आपल्या हातात ठेवायचं असेल तर कॅननच्या चाकावर 'टीव्ही' आणि निकॉन किंवा सोनीच्या चाकावर 'एस' हे अक्षर लावायचं. शटर तुम्ही ठरवायचं, बाकीचं कॅमेरा जमवून घेतो. पहिले दोन-तीन महिने एवढं पुरतं.

आयएसओची भीती

शटर वाढवलं की उजेड कमी पडतो. ती भर आयएसओनं काढायची. स्टुडिओवाल्यांना इथं धास्ती वाटते, कारण आयएसओ वाढला की अल्बममधल्या चेहऱ्यावर दाणे दिसतात आणि गिऱ्हाईक बोलतं. पक्ष्याच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. दाणे संगणकावर बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला डोळा कोणत्याही सॉफ्टवेअरनं जागेवर येत नाही.

किती आयएसओ लागेल याचा अंदाज उन्हावरून बांधता येतो. स्वच्छ, डोक्यावरच्या उन्हात एफ १६ ला शटर आयएसओएवढं ठेवलं की फोटो बरोबर येतो, हा रीळच्या काळापासूनचा नियम आहे. त्यानं आयएसओ ४०० ला एफ ५.६ वर १/३२०० मिळतं. म्हणजे दुपारच्या उन्हात काही अडचणच नाही. पण पक्ष्यांचे फोटो दुपारी काढत नाहीत. सूर्य नुकता वर आलेला असताना उजेड याच्या आठव्या हिश्शावर असू शकतो. तेव्हा १/२००० हवं असेल तर आयएसओ २००० च्या आसपास जाणारच. जाऊ द्या.

मेन्यूत 'ऑटो आयएसओ' चालू करून वरची हद्द बांधून ठेवणं सगळ्यात सोयीचं. दहा वर्षं जुन्या कॅमेऱ्याला ३२००, अलीकडच्याला ६४००. हद्द बांधली नाही तर ढग आल्यावर कॅमेरा आकडा कुठल्या कुठं नेऊन ठेवतो.

छिद्राबाबत, म्हणजे अपर्चरबाबत, फार डोकं लावायची गरज नाही. साध्या ७०-३०० किंवा ५५-२५० लेन्सचं छिद्र पूर्ण झूमवर एफ ५.६ च्या पलीकडं उघडतच नाही. एकट्या पक्ष्याला तेच ठेवा, थव्याला एफ ८. फक्त एक माहीत असू द्या. ३०० एमएमवर एफ ५.६ ला दहा मीटरवरच्या पक्ष्याचा जेमतेम वीतभर भाग स्पष्ट येतो, तीस मीटरवर तो सुमारे दोन मीटर होतो. म्हणजे फार जवळ गेल्यावर डोळा धरला तर शेपटी सुटते. लांबून काढण्याचा हाही एक फायदाच.

पांढरा पक्षी का जळतो

शटर जमलं तरी निम्मे फोटो इथं वाया जातात, आणि कारण समजलं नाही तर वर्षानुवर्षं वाया जात राहतात.

रान नांगरताना ट्रॅक्टरमागं गायबगळे चालतात, ते चित्र डोळ्यांपुढं आणा. काळीभोर माती, त्यात पांढरेशुभ्र बगळे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग सगळ्या चौकटीची सरासरी काढतो आणि ती मध्यम करड्या रंगाएवढी झाली की समाधान मानतो. चौकटीत नव्वद टक्के काळी माती असेल तर त्याला वाटतं, फारच अंधार आहे. तो उजेड वाढवतो. माती तपकिरी होते आणि बगळ्याचं अंग कागदासारखं कोरं, एक पीस दिसत नाही. गडद पाण्यातल्या फ्लेमिंगोचं हेच होतं. उलट पाणकावळा किंवा घार उजळ आकाशावर आली की कॅमेऱ्याला वाटतं, उजेड जास्त झाला. तो कमी करतो आणि पक्षी कोळसा होतो.

यावर इलाज म्हणजे अधिक-उणे चिन्हाचं बटण. ते जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यावर असतं आणि लग्नात फारसं कुणी वापरत नाही. गडद पाण्यावर लहान दिसणारा पांढरा पक्षी असेल तर उणे ०.७ ते उणे १. उजळ आकाशावर काळा पक्षी असेल तर अधिक १, ढगाळ पांढऱ्या आभाळावर अधिक १.७ पर्यंत. पण हे आकडे पाठ करून चालत नाही. फ्लेमिंगोंचा दाट थवा चौकट भरून असेल तर सगळंच पांढरं झालं, तिथं कॅमेरा उजेड कमी करून थवा मळकट करतो. तिथं उणे नाही, थोडं अधिक करावं लागतं. पक्षी पांढरा की काळा एवढंच बघायचं नाही, चौकटीत जास्त जागा कुणी व्यापलीय ते बघायचं.

काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी उजनीवर शेकड्यानं असतो. एकाच पक्ष्यात दोन्ही टोकं आहेत, त्यामुळं शिकायला त्याच्यासारखा मास्तर नाही. टिळा जळू द्यायचा नाही आणि अंगावरची पिसंही दिसली पाहिजेत.

जळालं की नाही हे स्क्रीनवर डोळ्यांनी ठरवू नका, उन्हात स्क्रीन फसवतो. मेन्यूत एक सोय असते, ती चालू केली की फोटोतला जळालेला भाग लुकलुकतो. पांढऱ्या पक्ष्याच्या पाठीवर लुकलुक दिसली की आणखी थोडं उणे.

आभाळ स्वच्छ असेल आणि ऊन एकसारखं पडलं असेल तर याहून बरा मार्ग म्हणजे 'एम'. शटर १/२०००, छिद्र एफ ५.६ किंवा ६.३, ऑटो आयएसओ बंद. जवळच्या एखाद्या बगळ्यावर आयएसओ ८०० लावून फोटो काढायचा. लुकलुकला तर खाली, काळपट आला तर वर. एकदा जमलं की पक्षी पाण्यावरून उसावर, उसावरून आकाशात गेला तरी आकडे बदलायचे नाहीत, कारण पक्ष्यावर पडणारं ऊन तेच आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी तेवढं पुन्हा तपासायचं. ढगांची ये-जा असेल त्या दिवशी हा नाद करू नये.

फोकस

लग्नातला 'वन शॉट' किंवा 'एएफ-एस' बदलून कॅननवर 'सर्व्हो' आणि निकॉन-सोनीवर 'एएफ-सी' करायचं. बटण अर्धं दाबून ठेवलं की फोकस पक्ष्यामागं धावत राहतो. बसलेल्या पक्ष्याला मधला एकच ठिपका ठेवा आणि तो डोळ्यावर धरा. उडत्याला मधले चार-पाच ठिपके किंवा लहान पट्टा. सगळे ठिपके चालू ठेवले तर कॅमेरा पक्षी सोडून पाण्यातली काठी पकडतो. नव्या मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखायची सोय आहे, ज्याच्याकडं आहे त्यानं ती बिनधास्त लावावी.

एकामागून एक फोटो काढायची सोय चालू ठेवा, पण बटणावर बोट दाबून बसू नका. स्वस्त कॅमेरा रॉ फाइलचे मोजकेच फोटो सलग काढतो, मग अडकतो, आणि नेमका पंख उघडतो तेव्हा लिहीत बसलेला असतो. तीन-चारच्या झुबक्यात काढा. रॉ की जेपेग हा वाद होडीत नको. संगणकावर बसायला वेळ असेल तर रॉ, कारण जळत आलेला पांढरा रंग त्यात थोडाफार परत मिळतो. नसेल तर मोठं जेपेग. व्हाइट बॅलन्स ऑटो किंवा सूर्याच्या चिन्हावर ठेवून विसरून जा.

ज्यांच्याकडं जोडलेल्या मोठ्या झूमचा कॅमेरा आहे, निकॉन पी९०० सारखा, त्यांना बसलेल्या पक्ष्याचा फोटो होडीशिवाय काठावरूनही मिळतो. उडत्या पक्ष्यामागं मात्र तो पळू शकत नाही, तिथं जीव घालवू नये.

थवा कधी उठणार हे आधी कळतं

फ्लेमिंगो खाताना डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. एकेक करत माना वर येऊ लागल्या, सगळे एकाच दिशेला चालू लागले, की ती इशारत समजायची. होडी आणखी पुढं घ्यायची नाही, तिथंच थांबायचं. दोन-चार मिनिटांत माना पुन्हा खाली जातात आणि जवळचे पक्षी कधी कधी आपणहून होडीकडं सरकतात. सारखं उठवलेल्या पक्ष्याचा खाण्याचा वेळ जातो आणि उडण्यात ताकद जाते. दोन-चार दिवस असं झालं की थवा दुसऱ्या काठाला मुक्काम हलवतो आणि या काठाच्या नावाड्यांची सकाळ रिकामी जाते.

मोठे पक्षी वाऱ्याच्या तोंडाला उठतात, आणि फ्लेमिंगोला तर आधी पाण्यावर पावलं टाकत धावावं लागतं. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशी राहतील अशी होडी लावली की पक्षी आपणहून उठला तरी तोंड आपल्याकडं असतं आणि अंगावर ऊन असतं. हे नावाड्याला विचारलं तर तो जागा बरोबर दाखवतो. धावण्याची पावलं दिसली की बटण दाबायला सुरुवात, पण कॅमेरा त्याआधीच १/२००० वर हवा.

सरावासाठी पैसे भरून होडीत बसायची गरज नाही. रोटाव्हेटरमागचे गायबगळे आहेत, बाजाराच्या दिवशी मटणाच्या दुकानावर घिरट्या घालणाऱ्या घारी आहेत. कॅनॉलवर, शेततळ्यावर कवड्या खंड्या एकाच जागी हवेत पंख मारत थांबतो आणि मग सूर मारतो. उडता पक्षी, तोही थांबलेला. १/३२०० लावून त्याच्यावर हात बसवावा. टिटवी, शेकाट्यासारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात, पक्षी डोक्यावर ओरडत फिरू लागला तर तिथून मागं फिरायचं, फोटो राहिला तरी चालेल.

सकाळी साडेदहा-अकरानंतर पाण्यावरची हवा तापून थरथरते. लांबचा प्रत्येक पक्षी लाटेसारखा दिसतो आणि कुठलंही सेटिंग त्याला पुरं पडत नाही. तेव्हा कॅमेरा पिशवीत घालून कुंभारगावात मासे-भाकरी खावी, दुपारी चारनंतर पुन्हा निघावं.

जायचं ठरवण्याआधी धरणातलं पाणी विचारून घ्या. उजनीची साठवण सुमारे ११७ टीएमसीची आहे. धरण भरलेलं असेल तर फ्लेमिंगोला उभं राहायला उथळ जागाच नसते आणि थवे उशिरा उतरतात. काठ उघडा पडू लागला, गाळाच्या पट्ट्या दिसू लागल्या की ते येतात. नावाड्याला आदल्या संध्याकाळी फोन केला तर तो पाणी कुठवर उतरलंय आणि थवा कोणत्या काठाला आहे, दोन्ही सांगतो.